टिकावाचा आकडा

सुवर्णा रणनवरे हिची हॉकी मुलीच्या, ओवीच्या जन्माच्या वेळी सुटली. त्याआधी ती खडकीच्या एका क्लबकडून सेंटर हाफ खेळायची, आणि त्या जोरावरच खेळाडूंच्या कोट्यातून टपाल खात्यात लागली होती. पुढे स्टिक माळ्यावर गेली, गुडघे कुरकुरू लागले, पण खेळ काही डोक्यातून गेला नाही.

त्या जुन्या संघातल्या, सुवर्णा धरून, पाच जणी अजून खडकीच्याच आसपास राहत होत्या. सगळ्यांनी पन्नाशी ओलांडलेली. त्यांच्या फोनवरच्या गटाचं नाव होतं ‘मुरूम’, कारण त्यांच्या क्लबला टर्फ कधी मिळालंच नाही. मुरमाच्या मैदानावर ढोपरं सोलून घेतच त्या खेळल्या. दर वर्षी महिला लीगचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी या पाच जणी कुणातरी एकीच्या घरी जमत आणि फँटसी हॉकीचे आपापले संघ मांडत. लीगमधल्या खऱ्याखुऱ्या खेळाडूंमधून पाळीपाळीनं एकेक जण निवडायची. एकीनं घेतलेली दुसरीला घेता येत नसे. मग हंगामभर त्या खेळाडू मैदानावर जे काही करतील, गोल मारतील, चेंडू हिसकावतील, कॉर्नर अडवतील, त्याचे गुण निवडणारीच्या खात्यात. शेवटी जी तळाला राहील तिनं बाकीच्यांना जेवायला घालायचं.

बाकीच्या चौघींना ही मौज होती. सुवर्णाला ते वेडच होतं. हंगामाआधीचे दोन महिने ती सराव सामन्यांची चित्रफीत मिळेल तिथून मिळवून बघायची. नुसते मागच्या वर्षीचे गोल मोजून संघ मांडणाऱ्यांची तिला कीव येई. तिचं म्हणणं असं, की आधी पेनल्टी कॉर्नर कोण मारणार ते बघा. एका संघात दोन मारणाऱ्या असल्या की दोघींचे गुण अर्धे होतात. गोलकीपर घ्यायची घाई करू नका, बऱ्या गोलकीपर शेवटपर्यंत उरतात. प्रशिक्षक बदलला असेल तर गेल्या वर्षीचं सगळं विसरा. आणि बाळंतपणानंतर किंवा दुखापतीनंतर परतणारी एखादी असतेच, जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, ती शोधा. असं करत तिचा संघ देशभरच्या क्रमवारीत इतका वर गेला होता, की हजारो अनोळखी माणसं तिनं कुणाला घेतलं ते बघून आपला संघ ठरवत. टपाल कार्यालयात याची कुणाला कल्पना नव्हती, आणि ते तिला आवडायचं.

मग ‘टिकाव’ आलं.

मूळ संशोधन खेळाडूंसाठी नव्हतंच. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत डॉ. नीलांबरी ओक यांनी म्हाताऱ्या माणसांची चाल टिपायला सुरुवात केली होती. माणूस पडतो एका क्षणी, पण त्याचं शरीर पडण्याची तयारी कित्येक आठवडे आधीपासून करत असतं, हे त्यांना दाखवायचं होतं. एखादा सांधा, एखादं हाड कुरतडलं जाऊ लागलं की आजूबाजूचे स्नायू त्याला सांभाळून घेतात. पाऊल केसभर आखूड पडतं, टाच जमिनीवर निमिषभर कमी टेकते, खांदा किंचित झुकतो. दुखणं मेंदूपर्यंत पोचायच्या कितीतरी आधी शरीर ते चालीत लिहून ठेवतं. हे साध्या डोळ्याला दिसत नाही. पण वेगवान कॅमेऱ्यानं टिपलेल्या चित्रांतून यंत्राला दिसतं, आणि अशा हजारो चाली नंतरच्या दुखापतींशी जुळवून पाहिल्या की यंत्र अंदाज बांधायला शिकतं.

हॉकीच्या मैदानाभोवती असे कॅमेरे आधीपासूनच होते, पंचांचे निर्णय तपासायला. एका कंपनीनं ओकबाईंची पद्धत विकत घेतली आणि त्या चित्रांवर लावली. ‘टिकाव’ उघडलं की प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे शंभरपैकी एक आकडा येऊ लागला: ती हंगाम पूर्ण खेळण्याची शक्यता किती. खेळाडूंच्या संघटनेनं आरडाओरडा केला, तेव्हा क्लबांनी लिहून दिलं की करार करताना, संघ निवडताना हा आकडा आम्ही पाहणार नाही. प्रेक्षकांवर मात्र असं बंधन कोण घालणार? वर्गणी भरली की घरबसल्या कुणालाही तो दिसत होता. म्हणून क्लबांनी साधी युक्ती केली. आकड्याकडे बघायचं नाही. फँटसीवाले कुणाला घेतात आणि कुणाला सोडतात तेवढं बघायचं.

सुवर्णानं पहिल्या महिन्यातच वर्गणी भरली होती. तिच्यासारखीला ती भरल्याशिवाय राहवलंच नसतं.

ओवी तिची एकुलती एक मुलगी. चोवीस वर्षांची, उंच, बापासारखी अबोल. ‘विदर्भ वाघिणी’ या नागपूरच्या संघाकडून खेळायची आणि तिथली ड्रॅग फ्लिक मारणारी तीच होती. ड्रॅग फ्लिक म्हणजे पेनल्टी कॉर्नरला थांबवलेला चेंडू स्टिकला चिकटवून ओढत आणायचा आणि कमरेच्या एका झटक्यात गोलाकडे भिरकावून द्यायचा. बघायला देखणा, कमरेला महाग. ओवी लीगमध्ये आल्यापासून सुवर्णा दर वर्षी तिला आपल्या संघात घेई, आणि बाकीच्या चौघी समजून उमजून तिच्यासाठी ओवीला मोकळी ठेवत.

दिवाळीत घरी आली होती तेव्हा ओवीनं आईला बजावलं होतं की माझा आकडा बघायचा नाही. मला कळायला नको आणि तुलाही नको. कमरेत जरा उसण भरली तरी तो आकडा डोक्यात घुमत राहील, चेंडू दिसायचा नाही. सुवर्णानं लाडू वळता वळता हो म्हटलं होतं, आणि म्हणताना ते मनापासूनच होतं.

पण निवडीच्या आदल्या दुपारी, जेवणं झाल्यावर, नवरा आत पडला असताना, ती कॉर्नर मारणाऱ्या मुलींचे आकडे एकेक करून बघत बसली होती. झारखंडच्या सलोमी टोप्पोचा बघितला, पंजाबच्या दोघींचा बघितला. मग तिचं बोट ओवीच्या नावावर थांबलं. तिथून ते उचलता आलं असतं. तिनं उचललं नाही.

एकतीस.

तिला वाटलं, यंत्र चुकलंय. तिनं मागच्या सराव सामन्याची चित्रफीत लावली, ओवीचा कॉर्नर आला तिथे थांबवली, मागे घेतली, हळू केली. यंत्रानं काय पाहिलं ते शोधायचं म्हणून ती पुन्हा पुन्हा बघत राहिली, आणि मग तिला ते दिसलं. झटका मारायच्या आधी डावं पाऊल पुढे लांब पडायला हवं. सगळी ताकद त्या पावलावर तोलली जाते. ओवीचं पाऊल आखूड पडत होतं. फार नाही. पण ती मुलगी चालायला शिकली तेव्हापासून तिचं पाऊल बघत आलेल्या बाईला आता ते न दिसणं शक्य नव्हतं. यंत्राच्या खुलाशात लिहिलं होतं, कण्याच्या खालच्या मणक्यावर ताण, तडा जाण्याची शक्यता.

तिनं फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. ओवीनं नको म्हटलं होतं. सांगितलं तर शब्द मोडल्याचं आधी कबूल करावं लागणार. हंगाम आठवड्यावर आलेला, हंगामाच्या मध्यात राष्ट्रीय शिबिराची निवड व्हायची होती, आणि ओवी तीन वर्षं त्या निवडीची वाट बघत होती. पहिला सामना होऊ दे, मग बघू, असं ठरवून ती चहा टाकायला उठली.

त्या वर्षी जमणं ब्लॉसम साळवीकडे होतं. ब्लॉसम त्यांची जुनी गोलकीपर. आवाज अजून तसाच, गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारा. तिच्या गच्चीवर उन्हात चटया टाकल्या होत्या. शाहीन मोमीन आली होती, कुमुद आणि हर्षदाही आल्या होत्या. शाहीन एकेकाळी उजव्या बगलेवरून अशी सुटायची की सापडायची नाही. आता तिची मोटार शिकवण्याची शाळा होती. पूर्वी या जमण्यात गप्पा जास्त आणि निवड कमी असायची. यंदा चौघींच्याही फोनवर टिकाव उघडं होतं आणि प्रत्येक नावाला माना खाली जात होत्या.

पहिल्या दोन फेऱ्या नेहमीसारख्या झाल्या. तिसऱ्या फेरीत सुवर्णाची पाळी आली. ही ओवीची पाळी, सगळ्यांना माहीत होतं. ब्लॉसमनं तर कागदावर ओवीचं नाव लिहायला सुरुवातही केली होती.

“सलोमी टोप्पो,” सुवर्णा म्हणाली.

ब्लॉसमचं पेन थांबलं. “आणि ओवी?”

“या वर्षी नको.”

कुणी का म्हणून विचारलं नाही. त्यावरून सुवर्णाला कळलं की सगळ्यांनीच आकडा बघितला होता आणि सगळ्या तिच्याच तोंडाकडे बघत बसल्या होत्या. ती मनाशी म्हणत राहिली की खेळ तो खेळ. मुलीला संघात घेणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं. फेऱ्या पुढे सरकत गेल्या, ओवीचं नाव कुणी घेईना. अगदी शेवटच्या फेरीत, जेव्हा फक्त राखीव गोलकीपर उरतात, तेव्हा शाहीन फोन पालथा ठेवून म्हणाली, “ओवी माझ्याकडे. घरातली पोरगी कुणीच न घेता राहायची, हे मला बघवत नाही.” मग तिनं शेंगदाण्याची बशी पुढे सरकवली आणि दुसराच विषय काढला.

सुवर्णा घरी पोचेपर्यंत तिचा संघ तिच्या नावासकट जाहीर झालेला होता. तो नेहमी आपोआपच जाहीर होई. इतक्या वर्षांत तिनं त्याचा कधी विचारही केला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी टपाल कार्यालयात डबा खाताना तिनं पाहिलं तर ओवीला घेणाऱ्यांची संख्या झपाट्यानं उतरत होती. फँटसीवर रोज बोलणाऱ्या एका मुलानं आपल्या कार्यक्रमात हसत हसत सांगितलं होतं, की ओवी रणनवरेला तिच्या आईनंसुद्धा घेतलेलं नाही, आता तुम्हीच काय ते समजा. तिनं डबा तसाच बंद केला.

नागपुरात काय झालं ते तिला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. सरावात कॉर्नर दुसऱ्या मुलीकडून मारून घ्यायला लागले. प्रशिक्षक बिस्वाल भला माणूस होता. त्यानं ओवीला एवढंच सांगितलं की यंदा नवे पर्याय तपासून बघतो आहोत. आकड्याचं नाव त्यानं काढलं नाही, करारानुसार त्याला काढता येतच नव्हतं. पहिल्या सामन्यात ओवी राखीव खेळाडूंच्या बाकावर बसली. दुसऱ्यात शेवटची काही मिनिटं तिला मैदानात पाठवलं. आणि यातली खरी मेख अशी, की बाकावर बसलेली खेळाडूही टिकावच्या हिशेबात ‘हंगाम पूर्ण न केलेली’ म्हणूनच मोजली जाई. ज्यांना आकड्यामुळे बसवलं जाई, त्यांच्या बसण्यानं आकडा खरा ठरे, आणि पुढच्या वर्षी कंपनी आपले अंदाज आणखी अचूक झाल्याचं जाहीर करी.

ओवीचा फोन आला नाही. सुवर्णानं केला तर ती सरावात असे, नाहीतर झोपलेली असे. दुसरा सामना बघून झाल्यावर जयसिंगनं, सुवर्णाच्या नवऱ्यानं, टीव्ही बंद केला. दारूगोळा कारखान्यात उभा जन्म काढलेल्या त्या माणसाला हॉकीतलं फारसं कळत नसे आणि कळतं असं तो कधी दाखवतही नसे. खेळ तुमचा दोघींचा आहे, मी मध्ये पडत नाही, असं तो म्हणाला; पण पोरगी माझीही आहे, तू जाऊन ये. सुवर्णानं रजा टाकली आणि नागपूरची गाडी धरली.

ओवी तिला स्टेडियमच्या रिकाम्या गॅलरीत भेटली. खाली टर्फवर पाणी मारणं चाललं होतं. दोघी सिमेंटच्या पायरीवर बसल्या. सुवर्णानं डब्यातून आणलेल्या गुळपोळ्या मध्ये ठेवल्या. ओवीनं त्यांना हात लावला नाही.

“तू आकडा बघितलास ना?”

“बघितला.”

“कधी?”

“निवडीच्या आदल्या दुपारी.”

ओवीनं मान हलवली, जणू तिला एवढंच नक्की करून घ्यायचं होतं. “मग त्याच दुपारी मला फोन का नाही केलास?”

“तूच नको म्हणाली होतीस.”

“मी दोघींनाही नको म्हटलं होतं. तू मला सोडून सगळ्यांना सांगितलंस, आई.”

ती आवाज न चढवता बोलली, म्हणून ते जास्त लागलं. सुवर्णा येताना गाडीत बरंच काही जुळवून आली होती. खेळातला प्रामाणिकपणा, यादी आपोआप जाहीर होणं, शिबिराची काळजी, सगळं. त्यातलं काहीच आता बोलण्याजोगं उरलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “तसंच झालं.”

खाली पाण्याचा फवारा फिरत राहिला. सुवर्णानं विचारलं, “कंबर कधीपासून दुखतेय?”

“कुठे दुखतेय.”

सुवर्णा उठली. पायऱ्यांच्या खालच्या मोकळ्या पट्टीवर जाऊन उभी राहिली, साडीचा पदर खोचला, आणि हातात स्टिक असल्यासारखी वाकली. मग तिनं ड्रॅग फ्लिकची पावलं टाकून दाखवली. आधी जशी टाकायला हवीत तशी: उजवं, त्याच्या मागून डावं लांब, आणि कमरेचा झटका. गुडघ्यानं कच्चकन आवाज केला. मग ती पुन्हा मागे गेली आणि दुसऱ्यांदा टाकली, या खेपेला ओवीसारखी. डावं पाऊल आखूड, खांदा पुढे आलेला, झटका मारताना मान उगाच ताठ. पाणी मारणारा माणूस नळी धरून बघत राहिला. पन्नाशीपलीकडची, जाड भिंगाचा चष्मा घातलेली बाई मुलीची चाल चालत होती, आणि ओवीला त्या बाईच्या अंगात आपलं दुखणं इतकं स्पष्ट दिसलं की तिनं नजर वळवली.

“हंगामाआधीच्या सरावापासून,” ती म्हणाली. “गोळी घेते आणि खेळते. फिजिओला सांगितलं नाही.”

सुवर्णा वर येऊन तिच्या शेजारी बसली. तिला धाप लागली होती. तिनं ओवीच्या पाठीवर हात ठेवला नाही. तेवढा हक्क तूर्त आपण गमावला आहे असं तिला वाटलं. थोड्या वेळानं ओवीनंच एक गुळपोळी उचलली.

एमआरआयमध्ये तडा दिसला नाही. हाडाच्या आत सूज होती. डॉक्टर तरुण होते आणि घाईत नव्हते. त्यांनी चित्र दाखवत समजावलं, की हाड हे जिवंत असतं. त्याला बारीक इजा होतच असतात आणि विश्रांती मिळाली की त्या भरून निघतात. इथे भरून यायला सवड मिळालेली नाही. तडा गेला असता का, हे ओवीनं विचारलं. खेळत राहिली असती तर बहुतेक गेला असता, ते म्हणाले, पण आता तू थांबलीस तर ते कधीच कळणार नाही. इंजेक्शन घेऊन शिबिराच्या निवडीपर्यंत रेटता येईल का, असंही तिनं विचारलं. त्यांनी येईल म्हणून सांगितलं, आणि त्यानंतर काय होऊ शकतं तेही सांगितलं.

सुवर्णा शेजारच्या खुर्चीवर बसून होती. तिच्या जिभेवर शब्द आले होते. तिनं एमआरआयचं पाकीट उचलून ओवीच्या हातात दिलं.

ओवीनं दोन दिवस घेतले. मग तिनं स्वतः जाऊन बिस्वालला सांगितलं की कमरेला सूज आहे, मी हा हंगाम थांबते. तो नुसता हो म्हणाला, आणि निघताना तिच्याशी हात मिळवला. शिबिराची यादी निघाली तेव्हा त्यात तिचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. उन्हाळ्यात वाघिणींनी तिचा करार पुढे वाढवला नाही. कारण दिलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही.

ती खडकीला परत आली, आपल्या जुन्या खोलीत. लगेच सगळं गोड झालं असं नाही. ती आईशी जेवणाचं, औषधाचं, धुण्याचं बोलायची. हॉकीचं बापाशी बोलायची, ज्याला त्यातलं कळत नव्हतं. जयसिंग मान डोलवून ऐकून घ्यायचा आणि रात्री सुवर्णाला त्यातलं जमेल तेवढं सांगायचा, बहुतेक चुकीचं. फरशीवर चटई टाकून ओवी रोज पोटाचे आणि पाठीचे व्यायाम करायची. एक दिवस तिनं आतून हाक मारली, की आई, जरा येऊन बघ, पाठ सरळ राहतेय का. सुवर्णा पिठाचे हात तसेच घेऊन गेली.

सुवर्णानं आपला संघ लोकांना दिसणार नाही असा करून टाकला. खेळणं सोडलं नाही. ते तिला जमलंही नसतं. पण त्या हंगामात तिचं लक्ष कशातच नव्हतं, सामन्याआधी सलोमीला संघात लावायला ती दोनदा विसरली आणि तळाला राहिली. चौघी जेवायला आल्या. शाहीनच्या संघात हंगामभर एक जागा शून्य गुणांची होती, तरी ती तिसरी आली होती, आणि त्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही.

पावसाळ्याच्या शेवटी खेळाडूंच्या संघटनेनं लीगपुढे तक्रार मांडली. पुण्यात सुनावणी झाली. ओवीला बोलावलं होतं, कारण तिची गोष्ट त्या कार्यक्रमवाल्या मुलामुळे सगळ्यांना ठाऊक झाली होती. संघटनेच्या वकिलांना वाटत होतं की तिनं टिकाव बंद करा म्हणावं. सुवर्णा मागच्या रांगेत बसली होती. ओवी काय बोलणार ते तिला माहीत नव्हतं.

“बंद करा असं मी म्हणणार नाही,” ओवी म्हणाली. “त्या आकड्यानं कदाचित माझा मणका वाचला. मी गोळ्या घेऊन खेळत होते, कुणालाच सांगत नव्हते, हे माझं मला माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच, की ते माझं शरीर आहे. त्याची बातमी आधी मला मिळायला पाहिजे होती. मी ऐकायचं की नाही, सांगायचं की नाही, हे मी ठरवलं असतं. इथे सगळ्यांना आधी कळलं आणि मी बाकावर बसून कारण शोधत होते.”

ती सुवर्णाकडे बघत नव्हती. तरी ‘सगळ्यांना’ म्हणताना क्षणभर थांबली, असं सुवर्णाला वाटलं. ते खरं होतं की आपल्या मनातलंच, हे तिनं पुढे कधी विचारलं नाही.

कंपनीनं खळखळ केली. पण कॅमेरे लीगचे होते, चित्रं लीगची होती, आणि लीगनं ती द्यायची नाहीत म्हटलं असतं तर कंपनीकडे काहीच उरलं नसतं. शेवटी नियम झाला. आकडा आधी फक्त त्या खेळाडूकडे जाणार. तिनं मोकळा केला तरच बाकीच्यांना दिसणार. बहुतेक जणींनी झाकूनच ठेवला तर फँटसीचं काय होणार, असं पुष्कळांनी विचारलं. ब्लॉसमनं ‘मुरूम’वर लिहिलं की आता पुन्हा डोळे उघडे ठेवून मॅच बघाव्या लागणार, चष्म्याचा नंबर तपासून घ्या सगळ्या.

पुढच्या हंगामासाठी ओवीला एका नव्या, छोट्या संघानं घेतलं. पैसे कमी होते, आणि त्यांना ती हाफबॅक म्हणून हवी होती, कॉर्नर मधूनमधून. तिनं होकार कळवला तेव्हा आईला विचारलं की हाफला उभं राहून सगळं मैदान कसं बघायचं, तू दाखवशील का. तेव्हापासून दोघी रोज सकाळी खडकीच्या मैदानावर जाऊ लागल्या. सुवर्णाला धावणं जमत नसे. ती मध्यभागी उभी राहून हातानं दाखवायची, मान आधी वळव, चेंडू नंतर, आणि ओवी वैतागून म्हणायची, कळलं गं.

थंडी सुरू झाली होती तेव्हा एका सकाळी, ओवी दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत असताना तिचा फोन वाजला. तिनं बघितलं. एक नाडी बांधायची तशीच राहिली. सुवर्णा आत गॅस बंद करत होती, पण त्या शांततेवरून तिला कळलं.

“आला?” तिनं विचारलं.

“आला.”

ओवीनं बोटानं काहीतरी उघडलं आणि वाचलं. तिचा चेहरा बापासारखा होता, त्यावर काही उमटत नसे. मग तिनं फोन बॅगेत टाकला आणि राहिलेली नाडी बांधली.

“सांगत नाहीये,” ती म्हणाली. “राग नाही त्यात. थोडे दिवस माझ्यापाशीच राहू दे.”

“राहू दे,” सुवर्णा म्हणाली.

तिनं दाराला कुलूप लावलं. गल्लीत अजून धुकं होतं, दूधवाल्याची सायकल गेली. ओवी खांद्यावर बॅग अडकवून पुढे चालू लागली आणि सुवर्णा तिच्या मागे. दहा-बारा पावलं गेली असतील नसतील, तिची नजर नेहमीच्या सवयीनं खाली गेली, ओवीच्या डाव्या पायाकडे. टाच टेकत होती. आणखी थोडं बघितलं असतं तर तिला कळलं असतं. यंत्र लागलं नसतं.

तिनं नजर वर घेतली. मग गुडघ्यांना न जुमानता झपाझप पावलं उचलली, ओवीच्या बाजूनं निघाली आणि तिच्या पुढे झाली.

“काय गं, एवढी घाई?” मागून ओवीनं विचारलं.

“ऊन चढायच्या आत पोचू,” सुवर्णा म्हणाली, आणि मागे वळून न बघता मैदानाच्या रस्त्याला लागली.